चारशे बारा नंबरची तक्रार

फुकट मिळालेली वस्तू बिघडली की माणसं विकतच्या वस्तूपेक्षा जास्त ओरडतात. याचं कारण मला अजून सापडलेलं नाही, पण ओरडा मी बरीच वर्षं ऐकला आहे. 'दौत' नावाचं मराठी लिहिण्या-छापण्याचं एक सॉफ्टवेअर होतं. त्याच्या तक्रारी लिहून घेणं, त्या खऱ्या की खोट्या ते स्वतः करून पाहणं आणि दुरुस्ती होईपर्यंत दुरुस्त करणाऱ्यांच्या मागे लागणं हे माझं काम होतं. त्याला पगार नव्हता. पोट माझ्या चंद्रपूरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटवर चालायचं.

'दौत' हे मुक्त सॉफ्टवेअर. म्हणजे कुठल्या कंपनीचं नाही. ते कसं बनवलं आहे ते सगळं उघडं ठेवलेलं. ज्याला कळतं त्याने वाचावं, सुधारावं, दुसऱ्याला द्यावं. पुण्यात काही जण, बंगलोरला दोघं-तिघं, एक जर्मनीत शिकायला गेलेला, अशी नोकरी सांभाळून रविवारी काम करणारी मंडळी ते लिहायची. त्यांनी एकमेकांची तोंडं क्वचितच पाहिली होती. भांडणं मात्र एका घरात राहत असल्यासारखी चालायची.

मी त्यात शिरले ती तक्रारदार म्हणून. इन्स्टिट्यूटमध्ये टाइपरायटरच्या रांगेशेजारी मी एक जुना संगणक आणून ठेवला होता. वीज केंद्रातल्या एका इंजिनिअरने 'दौत'ची सीडी दिली. मी वापरायला लागले आणि चुका दिसायला लागल्या. टायपिंगचे पेपर तपासून माझ्या डोळ्यांना वळणच तसं पडलेलं. पुण्याला इतक्या ई-मेल पाठवल्या की शेवटी प्रकल्प चालवणाऱ्या अनिरुद्धने लिहिलं, 'मॅडम, तक्रारींचं खातं तुम्हीच बघाल का?' मला गप्प करायचा तो त्याला सुचलेला सभ्य मार्ग असावा. मी हो म्हटलं.

तक्रारी ठेवायच्या जागेला ट्रॅकर म्हणतात. इंटरनेटवर एक जागा असते, तिथे प्रत्येक तक्रारीला एक नंबर मिळतो. मग ती कुणाकडे सोपवली, त्यावर काय चर्चा झाली, उपाय काय, दोष गेला का, हे सगळं त्या नंबराखाली जमा होतं. दोष गेला की 'बंद' असा शेरा मारायचा. एवढंच. बँकेत टोकन असतं तसा तो नंबर, फरक इतकाच की हे टोकन परत द्यायचं नसतं.

पुण्याचे लोक आपापल्या तक्रारी स्वतः ट्रॅकरमध्ये टाकायचे. आमच्या दोन जिल्ह्यांतले लोक मला फोन करायचे. ब्रह्मपुरी, राजुरा, अहेरी, सिरोंचा, जिथे कुठे तहसीलसमोर टायपिंगचं दुकान होतं तिथे हळूहळू एक संगणक आला आणि त्यावर 'दौत' आलं, कारण ते फुकट होतं. हे लोक एसटीडी बूथवरून बोलायचे. समोर मीटर पळत असायचं, त्यामुळे घाईत अर्धंच सांगायचे. इन्स्टिट्यूटमध्ये फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर. एक चालू तर दुसरं बंद. म्हणून मी पद्धत पाडली. सकाळी तक्रारीचे फोन घ्यायचे, दुपारी ट्रॅकरमध्ये टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी तक्रारदाराने परत फोन करून आपला नंबर घ्यायचा. नंबर मला म्हणून दाखवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. उपाय लक्षात ठेवणं माझं काम, नंबर लक्षात ठेवणं त्यांचं.

याचा एक परिणाम झाला, जो पुण्या-बंगलोरला कधी झाला नाही. आमच्याकडे नंबर हेच दोषाचं नाव झालं. राजुऱ्याच्या एका दुकानात गेले तर मॉनिटरच्या बाजूला खडूने चार आकडे लिहिलेले. विचारलं, हे काय?

"मशीनच्या बिमाऱ्या हायेत, बाई. कोन्ती झाली का तुमाले फोन करतो."

अहेरीचा मडावी म्हणून एक टायपिस्ट होता. तो एकदा मोठ्या अभिमानाने म्हणाला, "एटापल्लीवाल्याले दोनशे सात झाला होता. तुमाले त्रास काऊन द्यायचा म्हून मीच इलाज सांगून टाकला." बरोबर सांगितला होता. जंगलातल्या ज्या गावांत वर्तमानपत्र तिसऱ्या दिवशी पोचायचं, तिथे आमच्या ट्रॅकरचे नंबर तोंडपाठ होते.

सगळ्याच तक्रारींना मी नंबर दिला असं नाही. तहसीलसमोर बसणाऱ्या एका अर्जनवीसाची तक्रार होती की टाइपरायटरवर केलेले त्याचे अर्ज मंजूर व्हायचे आणि 'दौत'मध्ये केलेले नामंजूर होतात, तेव्हा सॉफ्टवेअर तपासा. मी तपासणार नाही म्हटलं. तो पुष्कळ दिवस माझ्यावर रुसून होता. आणखी एकाचं म्हणणं, मशीन दुपारी सुस्त होतं. मी म्हटलं, दुपारी तुमच्या गावात व्होल्टेज किती असतं? तो म्हणाला, "तेई सुस्तच असते."

आणि ब्रह्मपुरीचा देविदास नन्नावरे. हा लग्नपत्रिका, तेरवीची पत्रं आणि सहकारी सोसायट्यांचे कागद करून द्यायचा. वयाने माझ्याएवढाच, कामाला चोख, बोलायला तिखट. एकदा त्याला मी सांगितलं की तुमची तक्रार बंद झाली.

"बंद म्हंजे?"

"बंद म्हणजे दोष गेला. पुण्याला दुरुस्त केला."

"पुन्याले गेला असंल जी. माह्या मशीनवर त चालूच हाये."

बरोबरच होतं. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर पुढच्या सीडीवर येणार, ती सीडी एसटीने मी पाठवणार, तोवर त्याच्यापुरता दोष चालूच. त्या दिवसापासून मी नियम केला की आमच्या भागातल्या माणसाची तक्रार, त्याने स्वतः 'गेला' म्हटल्याशिवाय बंद करायची नाही. अनिरुद्धला हा नियम आवडायचा नाही. उघड्या तक्रारींचा आकडा त्यामुळे फुगायचा.

आता चारशे बारा. ही तक्रार देविदासभाऊंचीच. कडेला भोकं असलेला सलग कागद ज्या प्रिंटरमध्ये लावतात, तो खडखड करत ठिपक्या-ठिपक्यांनी छापणारा, त्यावर 'दौत'मधून लांबलचक मजकूर छापला की प्रत्येक पानाची शेवटची ओळ छापायची राहायची. पडद्यावर ओळ दिसायची, कागदावर नसायची. पान संपायच्या आधीच पुढचा कागद ओढायचा हुकूम प्रिंटरला जायचा आणि त्या गडबडीत एक ओळ हरवायची. पत्राला याने काही होत नाही, पत्र एका पानाचं. पण याद्या छापणाऱ्याचं वाटोळं होतं.

पुण्याला हा दोष कुणालाच करून बघता येईना, कारण तसला प्रिंटर कुणाकडे उरलाच नव्हता. आमच्याकडे दुसऱ्या प्रकारचा प्रिंटरच नव्हता. मग मी एक काम चालवण्यापुरता उपाय काढला. 'दौत'ला सांगायचं की प्रत्येक पानाच्या तळाशी एक रिकामी ओळ सोड. खायचीच आहे तर प्रिंटरने ती रिकामी ओळ खावी. फोनवर मी हा उपाय इतक्यांदा सांगितला असेल की झोपेतही सांगितला असता. लोकांनी ओळ सोडली, काम चालू झालं, आणि चारशे बारावर कुणी काही बोलेनासं झालं. तक्रार मात्र उघडीच राहिली, कारण दोष तिथेच होता.

मग ट्रॅकर बदलायची गोष्ट निघाली.

जुना ट्रॅकर जर्मनीतल्या त्या मुलाच्या विद्यापीठातल्या एका संगणकावर चालायचा. त्याचं शिक्षण संपत आलं होतं. तो संगणक आता फार दिवस मिळणार नव्हता. शिवाय ट्रॅकर खरोखरच वाईट होता. काही शोधायला गेलं की सापडायचं नाही, आणि सापडलंच तर तोवर आमची तार तुटलेली असायची. जुन्या गोष्टींबद्दल मला माया वगैरे नाही. टाइपरायटर मी ज्या दिवशी भंगारात दिले त्या दिवशी जागा मोकळी झाली म्हणून मला बरं वाटलं होतं. तेव्हा नवा ट्रॅकर आणा म्हणणाऱ्यांत मी पहिली होते.

यावर रविवारी दुपारी इंटरनेटवर बैठक झाली. म्हणजे सगळ्यांनी आपापल्या जागी बसून टाइप करायचं. अनिरुद्धने दोन गोष्टी मांडल्या. एक, वर्षभर ज्या तक्रारीवर कुणी काही लिहिलेलं नाही ती नव्या ट्रॅकरमध्ये न्यायची नाही. दोन, नंबर नव्याने एकपासून सुरू होतील.

मी लिहिलं, 'वर्षभर कुणी बोललं नाही म्हणजे दोष गेला असं होत नाही. लोक ओळ सोडायला शिकले एवढाच त्याचा अर्थ. आणि नंबर बदलू नका. आमच्याकडे लोक नंबरानेच बोलतात.'

अनिरुद्धचं उत्तर आलं, 'पहिला मुद्दा मान्य, मॅडम. तुमच्या उघड्या तक्रारी नेऊ. नंबरांचं म्हणाल तर जुन्या पत्त्यावर कुणी गेलं की त्याला आपोआप नव्या पानावर नेऊन सोडायची सोय करतोय. त्यामुळे अडचण येणार नाही.'

'ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांना कुठे नेऊन सोडणार?'

'नोंद घेतली,' असं त्याने लिहिलं. आमच्या प्रकल्पात 'नोंद घेतली' म्हणजे पुढचा विषय.

अनिरुद्ध वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. नोकरी करून, रविवार घालून त्याने एकहाती त्या सगळ्या तक्रारी नव्या जागी हलवल्या. नवा ट्रॅकर देखणा होता, पटकन उघडायचा. त्यात आणखी एक सोय केली होती. प्रकल्पाच्या पत्त्यावर नुसता नंबर लिहून ई-मेल केली की त्या तक्रारीचा उपाय आपोआप उत्तर म्हणून यायचा. मला ती सोय फार आवडली. माझे निम्मे फोन वाचतील असं वाटलं. आमच्या चारशे बाराला तिथे दुसराच नंबर मिळाला, आणि चारशे बारा हा नंबर दुसऱ्याच कुठल्या दोषाला गेला. मी माझ्या लोकांना फोनवर एकेकाला नवे नंबर सांगायला सुरुवात केली. राजुऱ्यावाल्याने खडूचे आकडे पुसायला साफ नकार दिला. "बिमारी तेच हाये ना बाई? मंग नाव काऊन बदलवता?"

एकेक करत मी जात होते. देविदासभाऊंचा क्रम यायच्या आत टायपिंगच्या सरकारी परीक्षा लागल्या आणि मला परीक्षक म्हणून आठवडाभर नागपूरला जावं लागलं. इन्स्टिट्यूट बंद.

त्याच आठवड्यात ब्रह्मपुरीजवळच्या एका मच्छीमार सोसायटीची निवडणूक लागली. सोसायटीकडे दोन-तीन मोठे तलाव होते. सभासदांची कच्ची यादी छापायचं काम देविदासभाऊंकडे आलं. यादीवर कुणाचा आक्षेप असेल तर तो ठरलेल्या मुदतीत घ्यायचा, मग पक्की यादी लागायची. पक्क्या यादीत ज्याचं नाव नाही त्याला मत नाही आणि उभंही राहता येत नाही.

आता देविदासभाऊंनी नुकतीच नवी सीडी घातली होती. नवी सीडी घातली की जुनी मांडणी पुसली जायची, आणि तळाची रिकामी ओळही तिच्याबरोबर गेली. प्रिंटरने परत खऱ्या ओळी खायला सुरुवात केली. खाल्लेल्या ओळींत एक नाव होतं नर्मदाबाई मांदाडे यांचं.

नर्मदाबाई बाजारात मासे विकणाऱ्या. नवरा गेल्यावर त्याचं सभासदत्व त्यांच्या नावावर झालेलं. त्या सोसायटीत मासे पकडायचे पुरुषांनी, विकायचे बायकांनी, आणि भाव ठरवायचा कमिटीने. कमिटीत बाई कधी नव्हती. नर्मदाबाई या वेळी उभ्या राहणार होत्या. अध्यक्षांना ते रुचलेलं नव्हतं, आणि हे गावात सगळ्यांना माहीत होतं. अशा वेळी यादी लागली आणि नेमकं त्यांचंच नाव नाही.

त्या देविदासभाऊंच्या दुकानात आल्या. हे पुढचं मला दोघांकडूनही ऐकायला मिळालं, थोडं वेगवेगळं, पण शिव्या सारख्याच.

"माह्या नाव कुठी गेला रे देविदास? का अध्यक्षानं सांगतला तुले, खोडून टाक म्हून?"

"कोनी नाई सांगतला बाई. पडद्यावर पाह्य ना, हाये तुया नाव."

"पडद्यावर मत देऊ का मंग?"

देविदासभाऊंनी दोष ओळखला. हा आपला चारशे बारा. मला फोन केला, इन्स्टिट्यूटला कुलूप. मग त्यांना ती ई-मेलची सोय आठवली, नंबर बदलायच्या आधी मीच कौतुकाने सांगितलेली. ब्रह्मपुरीला कॉलेजजवळ इंटरनेटचं दुकान निघालं होतं. तिथे जाऊन त्यांनी आयुष्यातली पहिली ई-मेल पाठवली. मजकूर एवढाच: ४१२. उत्तर लगेच आलं. नव्या ट्रॅकरमधल्या चारशे बाराचा तो उपाय होता: 'यादी निवडा आणि पुन्हा अकारविल्हे लावा.'

देविदासभाऊंनी तंतोतंत तसं केलं. आधीची यादी सभासद झालेल्या क्रमाने होती, आता ती अकारविल्हे झाली. सगळी नावं इकडची तिकडे हलली. नर्मदाबाईंचं नाव पानाच्या तळातून उठून मधे आलं आणि स्वच्छ छापलं गेलं. देविदासभाऊंनी ते त्यांना बोट ठेवून दाखवलं आणि यादी सोसायटीच्या भिंतीवर लागली.

पानांच्या तळाशी आता दुसरीच माणसं गेली होती. त्यांतले एक अध्यक्ष.

मी नागपूरहून परतले त्या सकाळी इन्स्टिट्यूटचं कुलूप काढते तोच फोन.

"बाई, कुठी होत्या जी तुमी? इथी माह्या दुकानासमोर दोनी पार्ट्या उभ्या हायेत. आदी मांदाडेबाईची पार्टी म्हने, अध्यक्षानं तुले पैसे देल्ले. आता अध्यक्षाची पार्टी म्हनते, मांदाडेबाईनं देल्ले. मी दोघायचाई चोर!"

"आक्षेपाची मुदत कधीपर्यंत?"

"आज सांजपर्यंत."

उपाय मी फोनवर सांगू शकले असते. पण आता देविदासभाऊंनी तिसरी यादी आणून लावली असती तर ती कुणी वाचलीच नसती, फाडली असती. मी मूल-सिंदेवाहीवरून जाणारी एसटी पकडली.

दुकानात शिरायला वाट नव्हती. अध्यक्ष खुर्चीवर, नर्मदाबाई दाराच्या चौकटीला टेकून, पदर खोचलेला. निवडणुकीचं काम बघणारे साहेबही तिथेच आणून बसवलेले. मी कोण हे देविदासभाऊंनी सांगितलं, "हे चंद्रपूरच्या रामटेके बाई, मशीनच्या डॉक्टर." आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "डॉक्टर आता आली? पेशंट मेल्यावर?"

भाषण करायची मला सवय नाही. मी अध्यक्षांना म्हटलं, "इथे पडद्यापाशी या. तुमचं नाव दिसतं का?"

"दिसते."

"त्यावर बोट ठेवा. काढू नका." मग नर्मदाबाईंना म्हटलं, "तुम्ही प्रिंटरपाशी उभ्या राहा. कागद आला की वाचा."

छापायला दिलं. खडखड करत पान आलं. अध्यक्षांचं बोट नावावर, आणि नर्मदाबाईंच्या हातातल्या पानावर ते नाव नाही. त्यांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं. मग मी सगळ्यांच्या समोर तळाला एक रिकामी ओळ सोडली आणि तेच पान परत छापलं.

"आला," नर्मदाबाई म्हणाल्या. "अध्यक्ष आले."

अध्यक्षांनी बोट काढलं. "म्हंजे मशीननंच खाल्ला मले?"

"आदी मले खाल्ला, मंग तुमाले," नर्मदाबाई म्हणाल्या. "मशीन भेदभाव नाई करत. तुमच्यापेक्षा बरी हाये."

हसले सगळे. अध्यक्षही, थोडे उशिरा. साहेबांनी सभासद झालेल्या क्रमाने संपूर्ण यादी पुन्हा छापून घेतली, दोन्ही बाजूंच्या माणसांकडून एकेक नाव मोठ्याने वाचून घेतलं आणि मुदतीच्या आत भिंतीवर लावली. देविदासभाऊंनी चहा मागवला. तो पिताना ते मला म्हणाले, "बाई, मी नंबर बराबर देल्ला होता."

"हो. बरोबर दिला होता."

"मंग चुकला कोन?"

मी म्हटलं, ते आता पुण्याला विचारते.

दुसऱ्या दिवशी फोन केला. अनिरुद्धने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण मॅडम, जुन्या पत्त्यावर गेलं असतं तर ते बरोबर पानावर—"

"अनिरुद्ध, त्यांच्याकडे पत्ता नाही. नंबर आहे."

"हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर..."

"मी सांगितलं होतं. तुम्ही नोंद घेतली होती."

तो सरळ कामाचं बोलला, हा त्याचा गुण. "जुने नंबर परत आणायचे तर मधल्या काळात आलेल्या नव्या तक्रारींचे नंबर हलवावे लागतील. पुण्याचे लोक ओरडतील."

"हलवा. त्यांना अजून सवय झालेली नाही."

पुढचे दोन रविवार घालून त्याने ते केलं. जुनी प्रत्येक तक्रार आपल्या जुन्या नंबरावर परत बसली आणि नव्या तक्रारी त्यांच्या पुढे सरकल्या. पुण्याचे लोक ओरडले. एकाने मला लिहिलं, 'आमचे नंबर असे अचानक बदलले तर आम्ही काम कसं करायचं?' मी त्याला उत्तर लिहिलं, 'नोंद घेतली.' नोकरीत नसलेल्या माणसाने असे आनंद कधीतरी घ्यावेत. राजुऱ्याचे खडूचे आकडे वाचले.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. जुन्या ट्रॅकरमध्ये मी प्रत्येक तक्रारीखाली शेऱ्यात लिहायची: सांगणारा देविदास नन्नावरे, ब्रह्मपुरी, सांगणारा मडावी, अहेरी. हे शेरे नव्या जागी आले नाहीत. तिथे सगळ्या तक्रारींपुढे तक्रारदार म्हणून माझंच नाव लागलं. कुणी आज तो ट्रॅकर उघडून पाहिला तर त्याला वाटेल, चंद्रपूरची एक बाई सतत कुरकुर करत होती. अनिरुद्ध म्हणाला की जर्मनीतला संगणक तोवर पुसला गेला होता. मी काही नावं आठवून परत लिहिली. सगळी आठवली नाहीत. याची चुटपुट आहे.

नर्मदाबाई निवडणूक हरल्या. काही महिन्यांनी ब्रह्मपुरीच्या बाजारात भेटल्या तेव्हा मी म्हटलं, वाईट झालं. त्या मासे कापता कापता म्हणाल्या, "हारली त हारली. मले मत कोनी देल्ला, कोनी नाई देल्ला, ते त समजला." मग मला एक मासा वर घातला. पुढच्या निवडणुकीत त्या कमिटीवर गेल्या.

चारशे बाराचं राहिलं. दोष दिसल्याशिवाय अनिरुद्धला तो दुरुस्त करता येत नव्हता, आणि प्रिंटरशिवाय तो दिसत नव्हता. शेवटी मी इन्स्टिट्यूटमधल्या तसल्या दोन प्रिंटरांपैकी एक जुन्या सतरंजीत गुंडाळून, सलग कागदाच्या गठ्ठ्यासकट पुण्याला पार्सल केला. अनिरुद्धच्या शेजाऱ्यांनी म्हणे विचारलं की घरात पिठाची गिरणी घातली का. पण त्याने दोष शोधला. दुरुस्ती नव्या सीडीवर आली, सीडी मी एसटीने ब्रह्मपुरीला पाठवली. ट्रॅकरवर अनिरुद्धने लिहिलं, 'दुरुस्त. मॅडम, बंद करायचं तुमच्याकडे.' आमचा नियम त्याने लक्षात ठेवला होता.

मी देविदासभाऊंना फोन केला.

"नवी सीडी घातली?"

"घातली."

"तळाची रिकामी ओळ काढून टाका आणि सोसायटीची यादी छापा. फोन ठेवू नका."

पलीकडे खडखड सुरू झाली. प्रिंटरचा तो आवाज फोनवर ऐकत मी बसले. थांबला.

"पहिल्या पानाचं तळाचं नाव वाचा."

त्यांनी वाचलं. त्यांच्याकडून फ्लॉपीवर आणलेली तीच यादी माझ्या पडद्यावर होती, तिच्याशी मी ताडून पाहिलं. बरोबर.

"दुसऱ्याचं?"

"मांदाडे नर्मदाबाई."

"तिसऱ्याचं?"

तेही बरोबर. शेवटच्या पानापर्यंत त्यांनी वाचलं आणि मी ताडून पाहिलं. मग मी काही विचारायच्या आधी तेच म्हणाले,

"गेला जी. आता करा बंद."